सोलर पॅनल छपराला धरून कसं राहील? माउंट निवडताना काय बघायचं



नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. बंदीत अडून राहिलेली घरची कामं आता एकेक करून निघतील. त्यात सोलरचं काम बऱ्याच जणांच्या यादीत आहे. सोसायटीच्या ऑफिसात येऊन लोक विचारतात, पॅनल किती वॉटचं घेऊ? बॅटरी कुठली चांगली? इन्व्हर्टर किती मोठा? पण ते पॅनल छपराला कशाने धरून राहणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आपण राहतो समुद्राच्या काठावर. इथे वारा आणि खार या दोन गोष्टी पॅनलच्या आधी माउंट खातात. म्हणून आज फक्त माउंटबद्दल, म्हणजे पॅनल छपराला धरून ठेवणाऱ्या अँगल, रेल, क्लॅम्प आणि बोल्टबद्दल लिहितो आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इथे आपण ऑफ-ग्रिड सोलरबद्दल बोलतोय, म्हणजे वीज खात्याच्या तारेला न जोडलेलं, बॅटरीवर चालणारं. रापणीची खोप, जाळी ठेवायचा मांगर, होडीवरचा दिवा आणि जीपीएस, किंवा घरात लाईट गेल्यावर चार दिवे, दोन पंखे आणि मोबाईल चालवणारं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं, तेव्हा गोव्यात कितीतरी गावं काही दिवस अंधारात होती. ज्यांच्याकडे पॅनल आणि बॅटरी असते, त्यांना अशाच वेळी तिची गरज पडते. आणि माउंट कच्चं असेल तर नेमकं अशाच वेळी पॅनल उडून जातं.

(पीएम सूर्य घर योजनेची सबसिडी वीज खात्याच्या तारेला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे, नुसत्या बॅटरीवरच्या यंत्रणेसाठी नाही. कोणी ऑफ-ग्रिडवर सबसिडी देतो म्हणाला तर आधी लेखी मागा. आणि तारेला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा लाईट गेल्यावर आपोआप बंद होते, हेही लक्षात ठेवा.)

वारा पॅनलला दाबतो त्यापेक्षा उचलतो जास्त

बहुतेकांना भीती वाटते ती वजनाची. "छप्पर पेलेल का?" हाच पहिला प्रश्न. खरं तर वजन ही लहान गोष्ट आहे. ५४० वॉटचं मोठं पॅनल साधारण सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरपेक्षा थोडं कमी रुंद आणि अठ्ठावीस-तीस किलोचं असतं. म्हणजे चौरस मीटरला अकरा-बारा किलो. मंगळुरी कौलांचं स्वतःचं वजनच त्याच्या जवळपास तिप्पट असतं.

खरा प्रश्न उचलीचा. पॅनल म्हणजे काय, तर काचेचं शीड. वारा त्याच्या खाली शिरला की शिडासारखं ते वर ओढलं जातं. आपण शीड बघितलेली माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. आकडे मात्र बघण्यासारखे आहेत.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात दिलं आहे. सेकंदाला किती मीटर हा वेग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. त्याच मानकात पणजीसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. वरच्या मोठ्या पॅनलवर (क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस मीटर) ढोबळ हिशेब असा येतो:

• ताशी ७२ किलोमीटर वारा: सुमारे ६३ किलो
• ताशी १०८ किलोमीटर वारा: सुमारे १४० किलो
• ताशी १४० किलोमीटर वारा: सुमारे २४० किलो

पॅनलचं वजन अठ्ठावीस किलो आणि वाऱ्याचा जोर दोनशे चाळीस. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. छपराच्या कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ वारा भोवरा घेतो, तिथे ओढ याहूनही जास्त असते. म्हणून पॅनल कधीही वळचणीच्या बाहेर काढू नका, आणि चारही कडांपासून निदान दीड-दोन फूट आत ठेवा.

"आमच्याकडे वारा नैर्ऋत्येचा, पॅनल दक्षिणेला तोंड करून, म्हणजे वारा वरूनच दाबणार," असं काही जण म्हणतात. पावसाळ्यातल्या नेहमीच्या वाऱ्यापुरतं ते बरोबर आहे. पण वादळ एका दिशेला धरून राहत नाही. किनाऱ्यासमोरून उत्तरेला जाणाऱ्या वादळात वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून, मग नैर्ऋत्येकडून फिरत येतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गडगडाटाबरोबर डोंगराकडून येणारा वारा तर पॅनलच्या पाठीतच घुसतो. तेव्हा एका दिशेच्या भरवशावर माउंट बसवू नका.

पकड कुठपर्यंत जाते ते बघा

नांगर कितीही भारी घेतला आणि दोर कुजका असला तर होडी वाहूनच जाणार. माउंटचंही तसंच आहे. पॅनलला क्लॅम्प धरतो, क्लॅम्पला रेल, रेलला पाय, पायाला स्क्रू, स्क्रूला छपराचा वासा किंवा पर्लिन, आणि पर्लिनला भिंत. दुकानदार पहिल्या तीन गोष्टी चकचकीत दाखवतो. पण वादळात सुटतं ते बहुधा शेवटच्या तीन ठिकाणी.

किनाऱ्यावरच्या अनेक मांगरांत पत्रे पर्लिनला नीट धरलेले असतात, पण पर्लिन भिंतीवर नुसती ठेवलेली किंवा तारेने बांधलेली असते. अशा छपरावर पॅनल लावलं की पॅनल सुटत नाही, पॅनलसकट छप्परच सुटतं. आणि उडालेला पत्रा किंवा पॅनल कोणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. त्यामुळे पॅनल विकत घ्यायच्या आधी एका सुताराला किंवा वेल्डरला छपरात आतून बघायला लावा. वाशाला वाळवी आहे का? लोखंडी पर्लिन गंजून पातळ झाली आहे का? ती भिंतीला किंवा बीमला बोल्टने धरली आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता छपरानुसार बघू.

मंगळुरी कौलं

जुन्या घरांत हेच छप्पर. कौल हे रिपेवर नुसतं टांगलेलं असतं. ते पाणी अडवतं, पण काही धरून ठेवत नाही. त्यामुळे कौलाला भोक पाडून बोल्ट मारणं म्हणजे गळतीही आणि पकडही नाही.

बरोबर पद्धत अशी: कौल वर सरकवायचं, खालच्या वाशाला स्टेनलेस स्टीलचा हुक दोन किंवा तीन लाकडी स्क्रूंनी पक्का करायचा, हुकाचा वाकडा पाय दोन कौलांच्या मधून बाहेर काढायचा आणि त्यावर रेल बसवायची. इथे तीन गोष्टी सांभाळा.

एक, हुक वाशालाच लागला पाहिजे, रिपेला नाही. रीप पातळ असते, वाऱ्याच्या पहिल्या हिसक्याला चिरते.

दोन, हुकाचा पाय खालच्या कौलावर टेकता कामा नये. बोटाएवढी फट ठेवा. टेकला तर पॅनल हललं की कौल फुटतं. वरचं कौल नीट बसण्यासाठी त्याची खालची बाजू थोडी घासून खाच करावी लागते.

तीन, बाजारात मिळणारे बरेच हुक परदेशी कौलांच्या मापाने केलेले असतात. आपल्या कौलाची उंची आणि रिपेची जाडी वेगळी. एक हुक आणून आधी बसवून बघा, मग बाकीचे घ्या. नाहीतर वेल्डरकडून आपल्या मापाचे करून घ्या.

वासे जुने असतील आणि त्यांच्यावर भरवसा नसेल, तर कौलांवर पॅनल लावूच नका. न्हाणीघराचा किंवा पोर्चचा लहान स्लॅब असेल तर तो वापरा, किंवा अंगणात खांब करा.

लोखंडी आणि रंगीत पत्रे

पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास असते. नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू किंवा रिव्हेट हाताने ओढून निघत नाही, म्हणून तो पक्का वाटतो. पण वारा एकदाच ओढत नाही. तो रात्रभर हलवत राहतो, आणि भोक हळूहळू मोठं होत जातं. म्हणून पायाचा स्क्रू पत्र्यातून खाली पर्लिनमध्येच गेला पाहिजे. पर्लिन कुठे आहे ते पत्र्याच्या जुन्या स्क्रूंच्या ओळीवरून कळतं.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या पन्हळीत नाही. खाली चांगल्या रबराचा वॉशर हवा, ईपीडीएमचा. साधं काळं रबर दोन उन्हाळ्यांत तडकतं. पायाच्या खाली ब्यूटाइल टेपचा तुकडा लावला तर गळतीचा त्रास राहत नाही. स्क्रू इतकाच आवळा की वॉशर किंचित फुगेल. चेपून बाहेर आला तर जास्त झालं.

बाजारात एक आखूड रेल मिळते, ती थेट पत्र्यालाच स्क्रूने लावतात. आतल्या भागातल्या कारखान्याच्या नव्या, जाड पत्र्यावर ती चालते. समुद्राकाठच्या आठ-दहा वर्षं जुन्या पत्र्यावर आम्ही ती घ्यायला सांगणार नाही.

आणि हा हिशेब करा: पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. तुमचा पत्रा आणखी किती वर्षं टिकणार? तीन वर्षांत पत्रा बदलायचा असेल तर आधी तो बदला, मग पॅनल. नाहीतर सगळं उतरवून पुन्हा चढवायचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागेल.

सिमेंटचे पत्रे

इथे सगळ्यात जास्त सावध राहा. हे पत्रे ठिसूळ. वरून पाय ठेवला की माणूस सरळ खाली येतो. छपरावर चढणारा माणूस नेहमी पर्लिनवर आडवी फळी टाकून तिच्यावरच चालला पाहिजे आणि कमरेला दोर हवा. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी जीवघेणा आजार होऊ शकतो. म्हणून असे पत्रे ग्राइंडरने कापायचे नाहीत. एखादं भोक पाडावंच लागलं तर पाणी मारून, हळू वेगाने, तोंडावर योग्य मास्क लावून. मुलांना जवळ येऊ देऊ नका आणि पडलेला भुसा ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

माउंटला लांब बोल्ट हवा, जो पत्र्यातून खाली जाऊन पर्लिनमध्ये बसतो. पॅनलचा भार बोल्टवर आला पाहिजे, पत्र्यावर नाही. खरं सांगायचं तर सिमेंट पत्र्यावर पॅनल लावण्यापेक्षा छपराच्या बाजूला स्वतंत्र लोखंडी चौकट उभी करणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

स्लॅब

स्लॅबवर दोन पद्धती आहेत. एक, चौकटीच्या पायांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे, भोक पाडायचं नाही. दोन, स्लॅबला बोल्टने धरायचं.

ठोकळ्यांचा हिशेब करून बघा. एक फूट लांब, रुंद, उंच ठोकळा साधारण ६५ किलोचा. वर सांगितलेली २४० किलोची उचल एका पॅनलची. म्हणजे एका पॅनलला असे चार ठोकळे ठेवले तरी जेमतेम बरोबरी होते, आणि स्लॅबवर प्रत्येक पॅनलमागे पाव टन वजन चढतं. कित्येक ठिकाणी चार पॅनलांना मिळून सहा-आठ लहान ठोकळे ठेवलेले दिसतात. ते वादळ यायची वाट बघत बसलेले आहेत एवढंच.

त्यामुळे किनाऱ्यावर बोल्टची पद्धत चांगली. स्लॅबचा वरचा थर खरवडून, केमिकल अँकरने बोल्ट बसवून, त्यावर काँक्रीटचा लहान कट्टा बांधायचा आणि भोवती वॉटरप्रूफिंग करायचं. कट्टा उंच असला की पाणी बोल्टपाशी साचत नाही. नुसता सिमेंट लावून चिकटवलेला कट्टा चालणार नाही, तो वाऱ्याने उपटून येतो.

स्लॅब आतून बघा. पोपडे पडले असतील, लोखंड फुगून दिसत असेल, तर खार आत शिरलेली आहे. आधी ती दुरुस्ती. आणि चिऱ्याच्या कठड्याला किंवा भिंतीला फुगणारे फास्टनर मारून पॅनल बांधू नका. आपला चिरा मऊ आणि भोकाभोकांचा, त्यात फास्टनर धरत नाही. भिंतीलाच धरायचं असेल तर बोल्ट आरपार काढून दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी लावा, किंवा काँक्रीटच्या पट्ट्यात बसवा.

खोप आणि मांगर

झावळ्यांच्या किंवा प्लास्टिकच्या खोपीवर पॅनल बसवायचं नसतं. तिथे ५० किंवा १०० वॉटचं लहान पॅनल पुरतं, आणि सात-आठ किलोचं ते पॅनल काढता येणाऱ्या माउंटवर लावणं सगळ्यात उत्तम. बाजूला एक खांब, त्यावर चौकट, आणि दोन-चार जाड बोल्ट जे पान्याने पाच-दहा मिनिटांत सुटतात. वादळाची सूचना आली की पॅनल घरात. घरात ठेवलेलं पॅनल कुठलाही वारा नेत नाही. चोरीची भीती असेल तर एक बोल्ट खास चावीचा लावा. किनाऱ्यावर नवा पक्का खांब पुरण्याआधी सीआरझेडचे नियम लागतात का ते पंचायतीत विचारून घ्या.

होडी आणि ट्रॉलर

होडीवर पॅनल आडवंच बसवा, उतार देऊ नका. केबिनच्या छपरावर बोल्ट आरपार काढा आणि आतून रुंद पट्टी लावा, म्हणजे फायबर फाटणार नाही. नुसते स्क्रू लाटांच्या हादऱ्याने ढिले होतात. भोकाच्या कडेला मरीन सीलंट भरा. डोलकाठीची, अँटेनाची आणि टांगलेल्या जाळ्याची सावली कुठे पडते ते बघूनच जागा ठरवा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत होडी झाकून ठेवतो, तेव्हा पॅनल काढून घरी न्या. तेवढंच ते जास्त टिकेल.

उतार आणि दिशा: थोडं सोडून द्या

गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर. म्हणून पॅनल दक्षिणेला तोंड करून १५ अंश उतारावर, हा सगळ्यात चांगला कोन. पण त्यासाठी हट्ट करू नका. मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेलाच असतो. छपराचा उतार पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर वर्षभरात फार तर दहा टक्क्यांच्या आसपास वीज कमी मिळते. उत्तरेचा उतार मात्र टाळा, हिवाळ्यात फरक जाणवतो.

तेवढ्या विजेसाठी उतरत्या छपरावर पाय लावून पॅनल उभं करणं म्हणजे वाऱ्याला शीड उघडून देणं. त्यापेक्षा पॅनल छपराला समांतर बसवा आणि लागलंच तर थोडं जास्त वॉटचं घ्या. खाली चार ते सहा इंच मोकळी जागा ठेवा. पॅनल तापलं की वीज कमी देतं, खालून हवा खेळली पाहिजे. स्लॅबवर मात्र दहा अंशांपेक्षा कमी उतार नको, नाहीतर पावसाचं पाणी धूळ, खार आणि पक्ष्यांची घाण वाहून नेत नाही.

माडाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. माडाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते. आणि नारळ. पॅनलच्या काचेची चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेने करतात, साडेसात ग्रॅमच्या. पन्नास फुटांवरून सोडणासकट पडणारा नारळ त्या हिशेबात नाही. माडाखाली पॅनल लावू नका, मग माउंट कितीही भारी असो.

कुठला धातू घ्यावा

स्टीलच्या बोटीच्या तळाला आपण जस्ताचे तुकडे का लावतो? खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो, म्हणून मुद्दाम जस्ताला खायला देतो. छपरावरही खारी हवा आहे, नियम तोच.

• चौकट: अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, किंवा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची. हॉट-डिपमध्ये जस्ताचा थर ८० मायक्रॉनच्या आसपास असावा, बिलावर तसं लिहून घ्या. चांदीसारखं चमकणारं पातळ प्लेटिंग एक पावसाळा काढतं.
• लोखंडी चौकट आधी पूर्ण तयार करून मगच गॅल्व्हनाइज करा. छपरावर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. छपरावर फक्त बोल्ट. कापावंच लागलं तर टोकाला जस्ताचा रंग दोन हात.
• चौकोनी पोकळ पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा अँगल किंवा चॅनल घ्या.
• नट-बोल्ट: स्टेनलेस ३१६. ३०४ स्वस्त, पण समुद्राजवळ तांबूस डाग धरतं. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर अडकून बसतो, म्हणून आटे आवळण्याआधी अँटी-सीझ ग्रीस लावा.
• तांब्याची अर्थिंगची तार किंवा पट्टी थेट जीआयला किंवा अ‍ॅल्युमिनियमला लावू नका. मध्ये कलई केलेली लग आणि स्टेनलेसचा वॉशर हवा.
• अ‍ॅल्युमिनियमचा पाय ओल्या सिमेंटात पुरू नका. सिमेंट त्याला खातं.

पॅनल घेताना सॉल्ट मिस्ट चाचणीचं प्रमाणपत्र मागा. त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आयईसी ६१७०१ आहे. आणि क्लॅम्प पॅनलच्या कुठल्या भागावर लावायचा, किती आवळायचा, हे पॅनलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक पॅनलांत लांब बाजूच्या टोकापासून साधारण पाव लांबीच्या आसपास. अगदी टोकाला धरलं तर मधला भाग वाऱ्यात फडफडतो आणि आतले सेल तडकतात.

बॅटरीपासून अंतर

बारा व्होल्टच्या यंत्रणेत माउंटची जागा वायरही ठरवते. समजा २०० वॉटचं पॅनल दहा अँपिअर देतंय, वायर ४ चौरस मिलिमीटरची, आणि पॅनल ते बॅटरी अंतर दहा मीटर. जाऊन-येऊन वीस मीटर झाले. साधारण एक व्होल्ट वायरीतच जातो. वीस मीटर अंतर असेल तर दोन व्होल्ट. त्यामुळे आवाराच्या टोकाला ऊन चांगलं असलं तरी तिथे पॅनल लावून लांब वायर ओढण्याआधी विचार करा, नाहीतर वायर जाड घ्या. वायर घरात शिरते तिथे आधी खाली वळसा द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता थेंब होऊन खाली पडतं. चौकटीला अर्थिंग हवंच.

देखभाल

वर्षातून दोनदा बघितलं तरी पुरे: एकदा बंदी सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात, आणि एकदा पावसाळा संपल्यावर. नट ढिले झालेत का, तांबूस ओघळ दिसतात का, रबर तडकलंय का, हुकाखालचं कौल फुटलंय का. दर पंधरा दिवसांनी सकाळी, काच थंड असताना, गोड्या पाण्याने धुवा.

वादळाचा इशारा आला तर वारा सुटायच्या आधीच्या दिवशी काम उरका. वारा सुटल्यावर कोणीही छपरावर चढू नये. पॅनलसाठी जीव घालवू नका. लहान पॅनल काढताना आधी पॅनलची वायर कंट्रोलरमधून सोडा, बॅटरीची नंतर. दिवसा पॅनल झाकून मगच वायर काढा, कारण ऊन असेपर्यंत ते चालूच असतं.

दुकानदाराला हे विचारा

१. स्क्रू नेमका कशात बसणार, वाशात, पर्लिनमध्ये की नुसत्या पत्र्यात?
२. वाऱ्याचा किती वेग धरून चौकट केली आहे? ताशी १४० किलोमीटर धरला आहे का?
३. चौकट अ‍ॅल्युमिनियमची की हॉट-डिपची? थर किती मायक्रॉनचा?
४. नट-बोल्ट ३०४ की ३१६?
५. गळती झाली तर दुरुस्ती कोणाची, किती वर्षं?
६. छपरावर चढणाऱ्या माणसांकडे दोर आणि फळी आहे का?
७. हे सगळं कोटेशनवर लेखी मिळेल का?

सातव्या प्रश्नाला "हो" न म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कोटेशनमध्ये पॅनल आणि बॅटरीच्या ओळी भरभरून असतात आणि माउंटची ओळ "स्ट्रक्चर, एक नग" एवढीच असते. किंमत कमी दाखवायची असते तेव्हा कापाकापी त्याच ओळीत होते.

कोणाला पॅनल बसवायचं असेल तर छपराचे तीन फोटो घेऊन ऑफिसात या: एक बाहेरून, एक आतून वाशांचा किंवा पर्लिनचा, आणि एक भिंत आणि छप्पर जुळतात तिथला. सोबत कोटेशनही आणा. आपण मिळून बघू, आणि तीन-चार घरांचं काम एकत्र असेल तर हॉट-डिपचा खर्चही वाटून घेता येईल.

ज्यांनी आधीच पॅनल बसवलं आहे, त्यांनी उद्या सकाळी एकदा खाली उभं राहून वर बघा. तांबूस ओघळ दिसला तर पुढच्या वादळाची वाट बघू नका.